अर्ल वॉरेन : माणूस बदलला की खुर्ची बदलली?

उंबरठा (धागाकर्ता) :

अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश अर्ल वॉरेन (१८९१–१९७४) यांचे नाव निघाले की पहिल्यांदा आठवतो तो १७ मे १९५४ रोजीचा ब्राउन खटल्याचा निकाल. काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असे त्या दिवशी नऊही न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले. त्यांचे चाहते ज्या प्रकरणाला बगल देऊन पुढे सरकतात ते मात्र त्याआधी बारा वर्षांचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत असताना, फेब्रुवारी १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, या नात्याने वॉरेन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) समितीपुढे साक्षीला उभे राहिले. विमानतळ आणि विजेच्या तारा यांच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांच्या शेतजमिनी कोठे आहेत, हे दाखवणारे नकाशे त्यांनी सोबत नेले होते. या लोकांनी अद्याप एकही घातपात केलेला नाही, हेच सर्वांत अशुभ लक्षण होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम दोनच दिवसांपूर्वी निघाला होता. त्यानुसार सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत डांबली गेली आणि त्यांतील दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत वॉरेन गव्हर्नर झाले.

माझे म्हणणे असे, की लोकांच्या मनात काय चालले आहे हे हेरण्याचे जे कसब १९४२ मध्ये त्यांच्या कामी आले, तेच १९५४ मध्येही कामी आले. म्हणून एकाचे पोवाडे गाताना दुसऱ्याकडे काणाडोळा करता येणार नाही.

पैलतीर :

साक्षीबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. ब्राउन खटल्याचा पहिला युक्तिवाद डिसेंबर १९५२ मध्ये झाला तेव्हा न्यायालय दुभंगलेले होते. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन वारले आणि राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्या जागी वॉरेन यांना नेमले. न्यायाधीशपदाचा एका दिवसाचाही अनुभव नसलेल्या या गृहस्थाने मतदानाची घाई टाळली आणि सहकाऱ्यांशी एकेकट्याने बोलणी चालू ठेवली. केंटकीचे न्यायमूर्ती रीड शेवटपर्यंत अडून होते, तेही अखेर राजी झाले. हृदयविकाराने रुग्णालयात असलेले न्यायमूर्ती जॅक्सन निकालाच्या दिवशी तेथून थेट न्यायासनावर येऊन बसले. निकालपत्र वर्तमानपत्रात पुरते छापता यावे इतके आटोपशीर आणि कोणावरही दोषारोप न करणारे लिहिले होते. दक्षिणेत तर लोकमत नेमके उलट होते आणि पुढे वॉरेन यांच्यावर महाभियोग चालवा असे फलक रस्तोरस्ती लागले. याला वारा पाहून पाठ फिरवणे म्हणायचे असेल तर धन्य आहे!

जुनादफ्तरी :

एकमताची किंमतही सांगा की! अंमलबजावणीचा निकाल १९५५ मध्ये आला, त्यात मुदत घातलेली नव्हती. विचारपूर्वक पण त्वरेने करा, एवढेच सांगून बाकीचे खालच्या न्यायालयांवर सोपवले. दक्षिणेतील राज्यांनी त्यातला ‘विचारपूर्वक’ तेवढा उचलला. दहा वर्षांनंतरही तेथील शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम एक गोऱ्या मुलांच्या शाळेत पोहोचले होते. सर्वांना सांभाळून घेणाऱ्या माणसाचा निकाल असाच निघतो, आणि या मुद्द्यापुरता मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

पैलतीर :

मुदत घातली असती तर एकमत टिकले असते, असे तुम्हांस खरोखर वाटते काय?

सातबारा :

दोघेही खुर्चीचा विचार करत नाहीत. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ सभागृहात चाळीस जागा होत्या आणि एका जिल्ह्याला एकाहून अधिक जागा मिळत नसे. त्यामुळे १९६० च्या सुमारास साठ लाख वस्तीच्या लॉस एंजेलिसला एक सदस्य होता आणि चौदा-पंधरा हजार वस्तीच्या डोंगरी मतदारसंघालाही एकच. ही रचना बदलण्याचा प्रस्ताव १९४८ मध्ये आला तेव्हा गव्हर्नर वॉरेन यांनी त्याला विरोध केला. मात्र राज्यांतील मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत असे ठरवणाऱ्या १९६४ च्या रेनॉल्ड्स खटल्यात त्यांनीच लिहिले, की प्रतिनिधी झाडांचे किंवा एकरांचे नसतात, माणसांचे असतात. मधल्या काळात त्यांचे हृदयपरिवर्तन झाले असेलही; मला दिसते ते इतकेच, की गव्हर्नरला पुन्हा निवडून यायचे असते आणि तहहयात न्यायाधीशाला ती चिंता नसते. तेव्हा श्रेय द्यायचेच तर त्या तहहयात नेमणुकीला अधिक द्यावे.

उंबरठा :

हा मुद्दा मला मान्य आहे, पण तो पुरता लागू पडत नाही. ब्राउनच्याच दिवशी वॉरेन यांनी राजधानी वॉशिंग्टनमधील शाळांबाबत बोलिंग खटल्याचा निकाल दिला. वंशावर आधारलेला भेद फार कसोशीने तपासला पाहिजे, या विधानाला त्यांनी आधार घेतला तो कोरेमात्सु खटल्याचा, म्हणजे जपानी वंशाच्या लोकांना हद्दपार करणे ज्या निकालाने १९४४ मध्ये वैध ठरवले त्याचा. त्या हद्दपारीची तरफदारी आपण स्वतः केली होती, याचा त्या निकालपत्रात मागमूसही नाही. खुर्ची सुरक्षित होती, तरी तोंड उघडले नाही.

पैलतीर :

निकालपत्र ही आत्मचरित्राची जागा नव्हे. त्या आदेशाबद्दल आणि आपल्या साक्षीबद्दल मनापासून खेद वाटतो, असे त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे. सरकारी पोटापाण्याशी बांधलेले कितीजण इतके तरी लिहितात?

उंबरठा :

ते आत्मकथन १९७७ मध्ये, त्यांच्या पश्चात छापले गेले. ते निवृत्त झाले १९६९ मध्ये. त्यानंतर हयातीची पाच वर्षे त्यांच्या हाताशी होती आणि छावण्यांतून सुटलेली हजारो माणसे तेव्हा त्याच कॅलिफोर्नियात राहत होती.