ग्रंथालय-परिचयाच्या तासात विद्यार्थ्यांकडूनच काम कसे करून घ्यावे?

प्रश्न (सहायक ग्रंथपाल, वडोदरा)
आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय-परिचयाचा एक तास असतो. आजवर मी पडद्यावर तालिका (ग्रंथालयातील पुस्तकांची सूची), वर्गांक (पुस्तकाला विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि डेटाबेस (लेख शोधण्याचे संगणकीय संग्रह) दाखवत आले आहे. विद्यार्थी माना डोलावतात आणि पंधरा दिवसांनी त्यांतलेच काही जण 'पुस्तक कुठे मिळेल?' म्हणून माझ्या टेबलापाशी येतात. यंदा व्याख्यान कमी करून त्यांनाच शोधायला लावायचे मनात आहे. परंतु विद्यार्थी ४०, संगणक ५ आणि वेळ ५० मिनिटे. अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, मांडवी)
आधी शिकवायचे आणि मग सराव द्यायचा, हा क्रम उलटा करून पाहा. 'सयाजीराव महाराजांच्या काळातील बडोद्याची ग्रंथालये' हा विषय द्या आणि काहीही न सांगता शोधू द्या. (महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम सोपवले होते, तेव्हा विषय घरचाच आहे.) बहुतेक जण इंग्रजी तालिकेत 'वडोदरा' असे टाइप करतील आणि शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये बदलण्यापूर्वीची, 'बरोडा' या नावाने नोंदलेली पुस्तके त्यांच्या हातून निसटतील. 'गायकवाड' हे आडनाव तर रोमन लिपीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. शेजारच्या गटाला अधिक पुस्तके कशी सापडली, हे मुले एकमेकांना विचारू लागली की पर्यायी शब्दांवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. मात्र हा शोध आदल्या दिवशी आपल्याच तालिकेत स्वतः करून पाहा. तिथे दोन्ही नावांना सारखीच उत्तरे येत असतील, तर सगळा डाव फसेल.

उत्तर २ (ग्रंथपाल, विज्ञान शाखा)
सूचना उत्तम आहे, पण एका संगणकापाशी आठ जण बसले की एक जण टाइप करतो आणि सात जण पाहत राहतात. म्हणून निम्मा वर्ग संगणकांवर आणि निम्मा टेबलावर ठेवून २० मिनिटांनी अदलाबदल करावी. टेबलावर ड्युई पद्धतीच्या (विषयांना दशांश अंक देणाऱ्या वर्गीकरणाच्या) वर्गांकांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावायला द्याव्यात. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा अंक पुष्कळ मुले उर्दू साहित्याच्या ८९१.४३९ च्या आधी ठेवतात, कारण त्यांना ४६ हा ४३९ पेक्षा लहान वाटतो. दशांश चिन्हानंतर एकेक अंक ताडायचा असतो, हे चूक झाल्यावरच मनात ठसते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. यातच वेळ संपणार, मग डेटाबेसचे काय करावे?

उत्तर १
या तासातून तो सरळ वगळा. प्राध्यापक पहिला प्रकल्प देतील त्या आठवड्यात वर्गात २० मिनिटे मागून घ्या आणि त्याच प्रकल्पाच्या विषयावर डेटाबेसमध्ये शोध करायला लावा. गरज नसताना शिकवलेले तोवर कोणाच्या लक्षात राहते?

उत्तर २
सहमत आहे. शेवटी 'समजले का?' असे मात्र विचारू नका, सगळे होच म्हणतात. प्रत्येक जोडीला एक वर्गांक देऊन कपाटातून ते पुस्तक आणायला सांगा आणि कोण कुठे अडखळले याची नोंद ठेवा. रिकाम्या हाताने परतणाऱ्या जोड्या अनेकदा चुकीच्या कपाटाशी नव्हे, तर योग्य कपाटातल्या चुकीच्या फळीशी शोधत असतात, असे मला आढळले आहे.