लॉग उडवला तरी डिस्क भरलेलीच!

रात्रपाळी:
मंडळी, एका होस्टिंग सर्व्हरवर ग्राहकांच्या पस्तीसेक साईट आहेत. उबुंटू लिनक्स, वेब सर्व्हर इंजिनएक्स. प्रत्येक साईटचा लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) तिच्याच होम डिरेक्टरीतल्या 'लॉग्स' फोल्डरात जातो. काल डिस्क शंभर टक्के भरली आणि डेटाबेस मायएसक्यूएलने मान टाकली. एकाच साईटचा अ‍ॅक्सेस लॉग १८ जीबीचा निघाला, कुठलासा बॉट वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर सारखा धडका मारतोय. लॉग आरएमने (फाइल पुसायची आज्ञा) उडवला. फाइलींच्या आकाराची बेरीज करणारा डीयू म्हणतो जागा झाली, डिस्क किती भरली ते सांगणारा डीएफ म्हणतो शंभर टक्केच. खरं कोण बोलतंय? आणि जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करणारं लॉगरोटेट बसवलेलं असताना या फाइली फिरत का नाहीत?

कर्नलकाका:
दोघंही खरं बोलतायत. आरएमने फक्त डिरेक्टरीतलं नाव जातं. इंजिनएक्सने फाइल उघडून धरली आहे तोवर तिचे ब्लॉक (डिस्कवरची जागा) सुटत नाहीत. उघड्या फाइलींची यादी देणारं 'एलएसओएफ +एल१' चालवा, तुमचे १८ जीबी 'डिलीटेड' असा शिक्का घेऊन बसलेले दिसतील. इंजिनएक्सच्या मास्टर (मुख्य) प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल द्या. तो लॉग नव्याने उघडतो, जुना सोडतो, साईटला धक्काही लागत नाही. पुढच्या वेळी आरएम नको, ट्रंकेट (फाइल जागेवरच रिकामी करणं) वापरा.

फिरत नाहीत कारण पॅकेजसोबत येणारी लॉगरोटेटची फाइल फक्त /व्हार/लॉग/इंजिनएक्स बघते. होमखालच्या लॉगचा तिला पत्ताच नाही. वेगळी फाइल लिहा: डेली (रोज फिरवा), रोटेट १४ (जुन्या चौदा प्रती ठेवा), कॉम्प्रेस, डिलेकॉम्प्रेस (नुकतीच फिरवलेली फाइल पुढच्या फेरीला कॉम्प्रेस करा), मिसिंगओके (फाइल नसली तरी चालेल), शेअर्डस्क्रिप्ट्स (सगळ्या फाइलींसाठी स्क्रिप्ट एकदाच), आणि पोस्टरोटेटमध्ये (फिरवून झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट) तोच यूएसआर१. शेअर्डस्क्रिप्ट्स लिहायचं राहिलं तर सिग्नल दर फाइलीमागे एकदा जाईल, म्हणजे रोज पस्तीस वेळा. डिलेकॉम्प्रेसही गाळू नका. नाव बदललं तरी सिग्नल पोचेपर्यंत इंजिनएक्स जुन्याच फाइलीत लिहीत असतो. आणि पॅटर्न 'स्टार डॉट लॉग' असाच ठेवा. नुसता स्टार दिलात तर फिरवलेल्या फाइली पुन्हा फिरतात, नावांची शेपटं वाढत जातात.

झटपट:
एवढा व्याप कशाला? कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं) लावा, सिग्नलची भानगडच नाही.

कर्नलकाका:
१८ जीबीच्या फाइलीची कॉपी करायला आणखी १८ जीबी कुठून आणायचे? शिवाय कॉपी संपून ट्रंकेट होईपर्यंत आलेल्या ओळी हरवतात. ज्या प्रोग्रामला लॉग पुन्हा उघडताच येत नाही त्याच्यासाठी ती सोय आहे.

रात्रपाळी:
काका, सिग्नल दिला आणि जागा मोकळी! पण नवी फाइल लिहून 'लॉगरोटेट -डी' (नुसती चाचणी) केलं तर "पेरेंट डिरेक्टरी हॅज इनसिक्युअर परमिशन्स" (वरच्या फोल्डरच्या परवानग्या असुरक्षित) म्हणत सगळंच वगळतोय. आणि 'साइज १००एम' (१०० एमबीपुढे गेला की फिरव) लिहिलं तर भरदिवसा फुगलेला लॉग पकडला जाईल ना?

ग्रेपवाली:
वगळतोय ते बरोबरच आहे. लॉगरोटेट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालतो आणि फोल्डरात ग्राहकालाही लिहिता येतं. लॉगच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) ठेवली की रूटच्या हातून भलतीच फाइल बदलून घेता येते. डेबियनच्या इंजिनएक्स पॅकेजात लॉग फोल्डरच्या मालकीवरून २०१६ साली हाच घोळ निघाला होता, सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१६-१२४७. लोक 'एसयू' डिरेक्टिव्ह (रूटऐवजी दुसऱ्या युजरच्या नावाने फिरवणं) सुचवतील, तो लावला की एरर जाईलही. पण यूएसआर१ मिळाल्यावर इंजिनएक्स लॉगची मालकी आपल्या वर्कर युजरला (ज्याच्या नावाने तो विनंत्या हाताळतो) देतो, मग ग्राहकाच्या नावाने कॉम्प्रेस करताना पुन्हा अडेल. माझं ऐकाल तर लॉग होममधून काढा. /व्हार/लॉगखाली साईटवार फोल्डर, मालक रूट, ग्राहकाला फक्त वाचायची परवानगी.

साइजचं म्हणाल तर नाही पकडणार. लॉगरोटेट डेमन (सतत चालू असणारा प्रोग्राम) नाही, उबुंटूवर त्याचा सिस्टमडी टायमर दिवसातून एकदा त्याला उठवतो आणि आकार तेव्हाच तपासला जातो. टायमर तासावर आणा आणि डेलीसोबत 'मॅक्ससाइज १००एम' लिहा. नुसतं साइज लिहिलं तर दिवसाचा हिशेब सुटतो. डेटएक्स्ट (फिरवलेल्या फाइलीच्या नावाला तारीख जोडणं) चालू असेल तर डेटफॉरमॅटमध्ये तासही घाला, नाहीतर त्याच दिवशीची दुसरी फेरी "फाइल आधीच आहे" म्हणून हात वर करेल.

आणि त्या लॉगिन पानाला लिमिट_रेक (विनंत्यांवर मर्यादा घालणारी इंजिनएक्सची सोय) लावा हो, फिरवणं नंतर.

रात्रपाळी:
लिमिट_रेक आत्ताच लावला, लॉग धावायचा थांबला. फोल्डर आज रात्री हलवतो.