सिस्टिम्स थिअरी: शास्त्र की उसने शब्द?

दादर_पश्चिम
काल इथे कलिना_एमए यांनी लिहिलं, "सिस्टिम्स थिअरी म्हणजे जीवशास्त्राचे उसने शब्द. सगळ्यालाच लागू पडते, म्हणजे कशालाच नाही." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. सिस्टिम्स थिअरी म्हणजे सुटे भाग न बघता ते एकमेकांशी जोडून एकत्र कसे वागतात ते बघणं.

ही थिअरी मांडणारा बर्टालन्फी जीवशास्त्रज्ञ होता, मान्य. पण त्याचा मुद्दा शब्दांचा नव्हताच. सजीवात अन्न, ऊर्जा सतत आत येते, बाहेर जाते, तरी शरीर टिकतं. बंद व्यवस्थेचं गणित तिथे अपुरं पडत होतं. गणितज्ञ वीनरनं विमानविरोधी तोफेच्या नेमावर काम केलं आणि तोच हिशोब त्याला मेंदूच्या रुग्णाच्या थरथरत्या हातात दिसला: चूक सुधारताना हात पलीकडे जातो, मग परत अलीकडे. १९४८ चं सायबरनेटिक्स, म्हणजे चूक बघून स्वतःला सुधारणाऱ्या नियंत्रणाचं शास्त्र, यातूनच आलं. यात उसनं काय आहे?

कलिना_एमए
तोफ आणि हात ठीक आहे. मी समाजशास्त्राबद्दल बोलत होते, ते तुम्ही सोयीनं गाळलंत. समाजशास्त्रज्ञ लुहमाननं ऑटोपोएसिस (सजीव स्वतःला स्वतःच घडवत राहतो ही कल्पना) मातुराना-वारेला या जीवशास्त्रज्ञांकडून उचलून १९८४ मध्ये समाजाला लावलं. खुद्द मातुरानाला ते पटलं नव्हतं. पेशी स्वतःचं आवरण स्वतः तयार करते. समाजाचं आवरण दाखवा ना!

आणि समाजाला समतोल राखणारी व्यवस्था मानणारा समाजशास्त्रज्ञ पार्सन्स वाचताना मला आजोबा आठवतात. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती कायमची. आजी रात्री डबे घासून ठेवायची, सकाळी भरायला काही नसायचं. त्याला "व्यवस्थेचा बिघडलेला समतोल" म्हणणाऱ्या भाषेवर माझा राग आहे आणि राहील.

हिंदमाता_तळमजला
सिस्टिम बघायची तर पावसाळ्यात आमच्याकडे, मुंबईत हिंदमाताला या. भाग बशीसारखा खोलगट, जुने नाले ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाचे, आणि भरती असली की पाणी समुद्रात जातच नाही. मग रस्ता उंच केला. रस्ता कोरडा, पाणी आमच्या घरात! फ्रीज आधी चार विटांवर होता, आता सहा विटांवर आहे. आईला वरच्या कप्प्यातलं काढायला पाट लागतो.

दादर_पश्चिम
अहो, हेच तर सिस्टिम्स थिअरी सांगते! एक भाग सुधारला, त्रास शेजारी सरकला. मैदानाखाली टाक्या बांधल्या त्यामागचा विचारही हाच: भरतीत पाणी साठवायचं, ओहोटीला सोडायचं.

बेस्ट_१६९
रस्ता उंच केला नसता तर बस बंद पडल्या असत्या. हजारो लोकांचं बघायचं की चार घरांचं?

हिंदमाता_तळमजला
तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?

बेस्ट_१६९
सातव्या. त्याचा काय संबंध?

हिंदमाता_तळमजला
सगळा संबंध तोच आहे. चार घरं म्हणे! आमच्या एका चाळीत चाळीस बिऱ्हाडं आहेत. गुडघाभर पाण्यात पोरांची दप्तरं माळ्यावर टाकून बघा एकदा, मग हिशोब सांगा.

कलिना_एमए
माझा मुद्दा तळमजल्यानं माझ्यापेक्षा नीट मांडला. व्यवस्थेची सीमा कोण आखतं? अभियंता फॉरेस्टरनं १९६९ मध्ये शहराचं संगणकावरचं मॉडेल केलं आणि निष्कर्ष काढला की गरिबांसाठी घरं बांधल्यानं शहराची घसरण वाढते. उपनगरं मॉडेलच्या बाहेरच होती. बाहेर कुणाला ठेवलं यावर उत्तर ठरतं.

दादर_पश्चिम
फॉरेस्टरबाबत बरोबर आहात, नाइलाजानं मान्य. पण ही चूक दिसली कारण त्यानं समीकरणं उघड मांडली होती. नुसत्या मतांत सीमा दिसतसुद्धा नाही. हे तुम्हीही मान्य करा.

कलिना_एमए
एवढं करते. लुहमानवर मागे हटणार नाही.

बेस्ट_१६९
चार घरं म्हणालो ते चुकलं. बसचं म्हणणं कायम आहे.

हिंदमाता_तळमजला
ठीक. रस्ता पुन्हा उंच करणार अशी चाळीत चर्चा आहे. नवी पातळी किती, हे काम सुरू व्हायच्या आधी कुठे बघायला मिळतं? कुणाला माहीत असेल तर सांगा, विटा आणायच्या आहेत.