अर्धस्वयंचलित रायफलचा ट्रिगर: सुटे भाग बसतात, पण जुळतात का?

प्रश्न: नवा नेमबाज

नमस्कार. माझ्याकडे एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल आहे आणि ती मी केवळ कागदी लक्ष्यांवरच्या स्पर्धांसाठी वापरतो. तिचा मूळचा ट्रिगर जड होता आणि ओढताना आत वाळू अडकल्यासारखी खरखर जाणवत असे. म्हणून मी एका उत्पादकाचा हॅमर (ठोका देणारा भाग), दुसऱ्याचा ट्रिगर व डिस्कनेक्टर (ट्रिगर दाबलेला असताना हॅमर पकडून ठेवणारा भाग) आणि तिसऱ्याचा हलक्या स्प्रिंगांचा संच घेऊन बसवला. प्रत्येक वेष्टनावर ‘मिल-स्पेक’ असे छापलेले होते आणि पिनाही कुठे न अडता आरपार गेल्या. ओढ, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा जोर, आता सुमारे दोन किलो भरते, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ एक किलोने कमी. तरीही खरखर गेलेली नाही. उलट हॅमर सुटण्याआधी ट्रिगर दोनदा अडखळतो. शिवाय वीस-पंचवीस काडतुसांमागे एखादे पेटतच नाही आणि त्याच्या प्रायमरवर (ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) अगदी उथळ खूण दिसते. सगळे भाग एकाच मापाचे असताना असे का व्हावे? सिअरचे, म्हणजे हॅमर आणि ट्रिगर एकमेकांत अडकतात तिथले, पृष्ठभाग घरीच घासून गुळगुळीत करावेत का?

उत्तर: मोजपट्टी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: कृपया घासू नका. या भागांचा कठीणपणा पुष्कळदा केवळ पृष्ठभागापुरता, पातळ थराचा असतो. तो थर घासून गेला की खालचा मऊ पोलाद भराभर झिजतो. आज गुळगुळीत वाटणारा ट्रिगर काही शे फैरींनंतर हॅमरला नीट धरून ठेवीनासा होतो, आणि कोन किंचित बदलला तरी धक्क्याने हॅमर आपोआप सुटण्याची भीती राहते.

आता मूळ मुद्दा. ‘मिल-स्पेक’ हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. फार तर त्याचा अर्थ एवढाच की पिनांची छिद्रे, त्यांच्यातील अंतर आणि भागाची बाह्य मापे लष्करी आराखड्याच्या आसपास आहेत. पण ट्रिगरचा दर्जा या मापांत नसतो. हॅमरची खाच आणि ट्रिगरचे नाक एकमेकांवर ज्या कोनात, जेवढ्या खोलीपर्यंत आणि जेवढ्या गुळगुळीतपणे टेकतात, त्यात तो असतो. प्रत्येक उत्पादकाला मापात थोडी सूट असते. एकाचा हॅमर त्या सुटीच्या वरच्या टोकाला आणि दुसऱ्याचा ट्रिगर खालच्या टोकाला असला, तर दोन्ही भाग आपापल्या जागी निर्दोष ठरूनही त्यांची जोडी वाईट निघू शकते. आपल्याला जाणवणारे दोन अडखळे बहुधा याच जोडीचे आहेत; त्यांचा स्प्रिंगशी संबंध नाही, आणि म्हणूनच स्प्रिंग हलकी करूनही ते गेले नाहीत.

न पेटणाऱ्या काडतुसांचे कारण मात्र स्प्रिंगच असावे. हॅमरची स्प्रिंग एकाच वेळी दोन कामे करते: खाचेवर दाब देते आणि फायरिंग पिनला ठोका देते. तो दाब कमी केला की घर्षण कमी होऊन ओढ हलकी लागते, पण तेवढाच ठोकाही कमजोर होतो. लष्करी काडतुसांचे प्रायमर मुद्दाम कठीण ठेवलेले असतात, कारण या रायफलची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता भाग) बंद होताना ती स्वतःच्या जडत्वाने पुढे येऊन प्रायमरला हलकेच टेकते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) गेलेले काडतूस न झाडता बाहेर काढून पाहिलेत, तर त्याच्या प्रायमरवर टिंबाएवढी खूण दिसेल. तेव्हा कठीण प्रायमर आणि हलकी स्प्रिंग यांचे जमत नाही. लष्करी ट्रिगरची ओढ साडेपाच पौंडांहून, म्हणजे सुमारे अडीच किलोहून, कमी नसावी अशी अपेक्षा असते, ती उगाच नव्हे.

आणखी एक तपासणी आजच करा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्या, ट्रिगर ओढून तसाच दाबून ठेवा आणि बोल्ट मागे ओढून सोडा. डिस्कनेक्टरने हॅमर पकडून ठेवलाच पाहिजे, आणि ट्रिगर सावकाश सोडताना तो डिस्कनेक्टरकडून सिअरवर आलेला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. हॅमर बोल्टसोबत पुढे पडत असेल, किंवा सेफ्टी लावलेली असताना ट्रिगर हॅमर सोडत असेल, तर रायफल वापरू नका. एका ओढीत दोन फैरी झडणे हा बिघाड आहे आणि तो धोकादायक आहे.

उत्तर: स्थिर हात

वरील विवेचनाशी सहमत आहे. मात्र स्प्रिंगला दोष देण्याआधी ती उलटी बसलेली नाही ना, हे पाहावे. हॅमरच्या स्प्रिंगचे दोन्ही पाय ट्रिगरच्या पिनेवर टेकले पाहिजेत, कारण त्यांतला एक पाय पिनेच्या खाचेत बसून तिला बाजूला सरकू देत नाही. उलट्या बसवलेल्या स्प्रिंगमुळेही ठोका असाच कमजोर पडतो.

उत्तर: जुना आराखडा

भागांच्या सुसंगतीविषयी थोडे विषयांतर करतो. एआर-१५ चे भाग इतके परस्परबदली वाटतात, कारण यूजीन स्टोनर यांच्या त्या रचनेचे हक्क १९५९ मध्ये कोल्टकडे गेल्यावर तिच्यातून अमेरिकी लष्कराची एम-१६ घडली आणि लष्करी आराखडा हाच सर्वांचा समान आधार बनला. तिचे थोरले भावंड एआर-१० हिला असा आधार लाभला नाही. म्हणून आज तिच्या किमान दोन शाखा आहेत, आर्मालाइटची आणि डीपीएमएसची, आणि एकीचा वरचा रिसीव्हर (सांगाड्याचा भाग) दुसरीच्या खालच्या रिसीव्हरवर बसत नाही. गंमत अशी की ट्रिगरचा संच मात्र बहुतेकदा दोन्हींत एआर-१५ चाच चालतो.

बेल्जियममध्ये जन्मलेल्या एफएएल रायफलीची कथा याहून बोधक आहे. तिचे मेट्रिक आराखडे पुढे इंचांत उतरवले गेले आणि ब्रिटनची एल१ए१ तयार झाली. मेट्रिक रायफलीचे मॅगझिन इंची रायफलीत थोडे सैल का होईना, पण बसते. उलट इंची मॅगझिनची पुढची कडी मोठी असल्याने ते मेट्रिक रायफलीत शिरतच नाही. दिसायला जुळ्या बहिणी, आणि देवघेव एकाच दिशेने!

एआर-१५ मध्येही अपवाद आहेतच. पिनांचा नेहमीचा व्यास सुमारे ३.९ मिलिमीटर असतो, पण कोल्टच्या काही रायफलींत तो सुमारे ४.३ मिलिमीटर आहे. बफर ट्यूबही (दस्ता जिच्यावर बसतो ती मागची नळी) दोन व्यासांची मिळते, सुमारे २९.२ आणि २९.७ मिलिमीटर. ही विसंगती निदान बसवतानाच कळते. खरा घात होतो तो बसून जाणाऱ्या वस्तूंमुळे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस एआर-१५ च्या नेहमीच्या .२२३ काडतुसाच्याच मॅगझिनमध्ये राहते, त्याच बोल्टने उचलले जाते आणि कधीकधी .२२३ च्या चेंबरमध्येही शिरते. मग जाड गोळी बारीक नळीत कोंडून रायफल फुटते. बोल्ट किंवा बॅरल बदलल्यावर गो आणि नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसासाठी उरणारी जागा, तपासून घेण्याचा आग्रहही याचसाठी असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: नवा नेमबाज

सर्वांचे आभार. स्प्रिंग सुलटीच होती. मूळची स्प्रिंग परत बसवल्यावर दोनशे फैरींत एकही काडतूस वाया गेले नाही, पण ओढ पुन्हा पावणेतीन किलोंच्या घरात गेली आणि अडखळे तसेच आहेत. डिस्कनेक्टरची तपासणी नीट पार पडली. आता एकाच उत्पादकाचा पूर्ण संच घ्यायचा, तर तो एका टप्प्याचा घ्यावा की दोन टप्प्यांचा?

उत्तर: मोजपट्टी

लक्ष्यभेदासाठी मी दोन टप्प्यांचा सुचवेन. पहिल्या टप्प्यात बोट बराचसा प्रवास आणि बराचसा भार आधीच उचलते, मग एक स्पष्ट भिंत लागते आणि तिच्यापुढे थोड्याशा दाबाने हॅमर सुटतो. यामुळे विश्रांतीच्या स्थितीत सिअरची पकड खोल ठेवता येते, म्हणजे हलकेपणासाठी सुरक्षिततेचा बळी द्यावा लागत नाही. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम-१ गॅरंडचा ट्रिगरही दोन टप्प्यांचाच होता, आणि लष्करी रायफल असूनही नेमबाज त्याची आजही वाखाणणी करतात. जलद फैरींच्या स्पर्धेत मात्र छोट्या परतीचा (किंचित सोडताच पुन्हा सज्ज होणारा) एकटप्पी ट्रिगर अनेकांना सोयीचा वाटतो. तो पसंतीचा प्रश्न आहे.

आकड्याच्या मागे फार लागू नका. स्वच्छ सुटणारा अडीच किलोचा ट्रिगर खरखरणाऱ्या दीड किलोच्या ट्रिगरपेक्षा हातात हलका वाटतो. मापनही फसवे असते: वजनकाट्याचा हूक ट्रिगरच्या टोकाजवळ अडकवला तर ओढ कमी दिसते आणि वर, पिनेजवळ अडकवला तर जास्त, कारण तरफेची लांबी बदलते. बोट जिथे टेकते तिथेच काटा लावून निदान दहा वाचनांची सरासरी घ्या, आणि त्या दहांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतला फरकही नोंदवा. अमेरिकेतील सर्व्हिस रायफल स्पर्धांप्रमाणे साडेचार पौंडांची (सुमारे दोन किलोंची) किमान अट आपल्यालाही लागू असेल, तर नवा संच त्या रेषेच्या किंचित वर राहील असाच निवडा. वापराने ओढ थोडी उतरते आणि ऐन तपासणीच्या वेळी ट्रिगरला टांगलेले वजन हॅमर न सुटता उचलले जात नाही.

उत्तर: स्थिर हात

जुना हॅमर आणि ट्रिगर वेगवेगळे ठेवून द्या, एका पिशवीत नको. नाहीतर वर्षभराने आपणच ती जोडी समजून पुन्हा बसवाल. माझ्या हातून हे झालेले आहे.