ओपनबीएसडीवर डेस्कटॉप: सोवळं की नुसता सोस?

धागाकर्ता: जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर ओपनबीएसडी (सुरक्षेवर भर देणारी युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून आठ महिने झाले. लोक ही सिस्टिम फायरवॉलसाठी घेतात, मी रोजचं काम करतोय. परवा बँकेच्या साइटवर पीडीएफ चढवायची होती, तर फायरफॉक्सला माझं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर दिसेचना. काळजात धस्स झालं, म्हटलं फायली उडाल्या! मग कळलं, इथे ब्राउझरला 'अनव्हेल'ने, म्हणजे प्रोग्रामला कुठली फोल्डर दिसावीत ते ठरवणाऱ्या सोयीने, बांधून ठेवलंय. माझ्या फायलींपैकी त्याला फक्त 'डाउनलोड्स'मधल्या दिसतात. पीडीएफ तिकडे कॉपी केली, काम झालं. मला तर हे पटलं. दिवसभर परक्यांचा कोड चालवणाऱ्याला घरभर कशाला फिरू द्यायचं? ज्यांना जाच वाटतो त्यांनी बोला.

उंबरठा: बोलतो. ब्राउझरला ओटीवर बसवलंस, पण एक्स११, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, तर माजघरातच आहे ना! तिथे एका खिडकीत टाइप केलेलं दुसरा प्रोग्राम खुशाल वाचतो. 'एक्सइनपुट टेस्ट' ही कमांड चालव आणि शेजारच्या टर्मिनलात काहीही बडव, एकेक कळ उमटत जाते. आणि २०१८ विसरलास? ऑक्टोबरात ६.४ आवृत्ती निघाली आणि आठवड्यात एक्स.ऑर्गचं, म्हणजे एक्स चालवणाऱ्या प्रोग्रामचं, भोक बाहेर आलं. सेटयूआयडी बिटमुळे (कोणीही चालवला तरी प्रोग्रामला मालकाचे अधिकार देणारी खूण) साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी. सोवळं नेसून गटारात पाय.

धागाकर्ता: त्यानंतर तो बिट काढलाच की. म्हणून तर आता साध्या वापरकर्त्याला 'स्टार्टएक्स' कमांडने एक्स सुरू करता येत नाही, 'झेनोडीएम'च्या लॉगिन पडद्यातून आत यायचं. कळांचा मुद्दा मान्य. पण तो एक्सचा दोष, लिनक्सवरही एक्स चालवलंस तर तेच.

उंबरठा: लिनक्सवाले वेलँडकडे, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेकडे, वळले त्यामागे हेही एक कारण आहे, एवढंच म्हणतो.

गॅलरीतला: तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, मी आपला संसारी माणूस. ब्लूटूथ यांनी २०१४ सालीच काढून टाकलं, म्हणजे हेडफोन वायरचा. हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका गाभ्यावर एकाच वेळी दोन कामं) २०१८ पासून मुळातच बंद. फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, माझ्याकडे यूपीएस नाही, आली की एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी, बघत चहा प्यायचा. आणि पहिल्याच मीटिंगला दहा मिनिटं "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करत बसलो. माइक चालू, हिरवी पट्टी मात्र ढिम्म!

धागाकर्ता: हाहा. सिस्टिम रेकॉर्डिंगला मुद्दाम शांतता पुरवते. 'सिसकंट्रोल' या सेटिंग बदलायच्या कमांडमध्ये कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड १ कर, मीटिंग संपली की परत ०.

उंबरठा: आणि हे आईच्या लॅपटॉपवर कोण करणार?

धागाकर्ता: आईला कोण देतंय? ज्याला मॅन पेज (सिस्टिमसोबतची माहितीपानं) वाचायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊच नये, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

गॅलरीतला: माइक चालला, धन्यवाद! पण आता कॅमेरा काळा दिसतोय.

धागाकर्ता: त्याची कळ वेगळी. कर्न.व्हिडिओ.रेकॉर्ड.