गाठीत पांढऱ्या पेशी दिसल्या म्हणजे पोर वाचलंच का?

लॅबवाली:
निसर्गसखा यांचा लेख वाचून डोकं तापलं. त्यांचं म्हणणं: मुलांच्या कॅन्सरमध्ये रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरल्या की मूल बरं होतं, तान्ह्या बाळांचा न्यूरोब्लास्टोमा (कच्च्या चेतापेशींपासून होणारा लहान मुलांचा कॅन्सर) आपोआप विरतो हाच पुरावा, म्हणून गुळवेलीचा काढा द्या. काय उड्या आहेत!

गाठीतल्या टी-पेशी (रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजून आजाराचं भाकीत करता येतं हे फ्रेंच संशोधक गालों यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, पण ते मोठ्या माणसांच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये. मुलांच्या गाठींत जनुकीय बदल मुळात कमी, त्यामुळे टी-पेशींना परकं असं फारसं दिसतच नाही. त्यात न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर एमएचसी-१, म्हणजे पेशीच्या आत काय आहे ते टी-पेशींना दाखवणारं प्रथिन, कमी असतं. एमवायसीएन या कॅन्सर वाढवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठींत तर टी-पेशींचा बहुतेक दुष्काळच.

आणि कोणत्या पेशी म्हणताय? मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी घ्या. पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमात, विशेषतः दीड वर्षावरच्या मुलांत, ते जास्त सापडतात आणि लक्षण चांगलं नसतं. ऑस्टिओसार्कोमात (हाडाच्या कॅन्सरात) उलट: मॅक्रोफेज जास्त, तर रोग कमी पसरलेला. चौकात पोलीस दिसले म्हणजे गल्ली सुरक्षित, की नुकताच राडा झालाय?

निसर्गसखा:
ताई, एवढं पांडित्य कशाला? ४-एस टप्प्यातली (तान्हेपणीच यकृत, त्वचा अशा ठिकाणी न्यूरोब्लास्टोमा पसरलेली) बाळं पुष्कळदा केमोशिवाय बरी होतात की नाही? मग ते कोण करतं? माझ्या पुतण्याच्या प्लेटलेट्स डेंग्यूत गुळवेलीनेच वर आल्या, घरच्या सगळ्यांनी पाहिलंय.

तिरकस:
डेंग्यूत प्लेटलेट्स काही न देताही वर येतात. श्रेय मात्र शेवटी पाजलेल्या काढ्याला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं, ते नाही का पाहिलं घरच्यांनी?

निसर्गसखा:
अर्धवट सांगू नका. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. वेल नेमकी कोणती होती हेच नीट तपासलं नव्हतं. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, वेगळी आणि तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा वेगळी.

तिरकस:
मान्य, शंभर टक्के मान्य! म्हणजे डॉक्टरांनाही ओळखू येईना अशी वेल आपण कुंपणावरून तोडून केमोवाल्या पोराला पाजायची. धन्य.

परळची_आई:
तुमचं चालू द्या. माझ्या लेकाला हाय रिस्क न्यूरोब्लास्टोमा होता. गावाहून रोज नव्या उपायाचा फोन. सासूबाईंनी मला न सांगता काढा सुरू केला. रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे चढले, केमो पुढे ढकलली. काढ्यानेच झालं असं छातीठोक कोणी सांगितलं नाही, पण ती केमो चुकल्याची धास्ती आम्ही भोगली. आणि घरी काय देता हे डॉक्टरांनी तोवर एकदाही विचारलं नव्हतं, हेही लिहून ठेवा.

लॅबवाली:
हा राग रास्त आहे. निसर्गसखा, ४-एस बाळं बरी होतात, घ्या, दिलं लिहून. पण ते एकट्या प्रतिकारशक्तीने होतं हे सिद्ध नाही. त्या गाठींच्या चेतापेशींसारख्या स्वभावाचाही त्यात हात मानतात. प्रतिकारक पेशींचा खरा उपयोग पाहायचाय? न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवरच्या जीडी-२ या रेणूवर बसणारं डिनुटक्सिमॅब हे प्रतिपिंडाचं औषध. ते गाठीवर खूण करतं, मग एनके पेशी (थेट मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) हल्ला चढवतात. २०१० मध्ये छापलेल्या चाचणीत दोन वर्षं रोग न उलटता राहिलेली मुलं ६६ टक्के, ते न दिलेल्यांत ४६.

निसर्गसखा:
आणि पाच वर्षांनी? साधारण ५७ विरुद्ध ४६! वाचतो आम्हीपण. फरक निम्म्यावर आला ते सोयीस्कर गाळलंत.

लॅबवाली:
शंभरात अकरा मुलं तुम्हाला किरकोळ वाटत असतील, तर बोलणंच खुंटलं. तुमच्या काढ्याचा असा एक आकडा द्या.

निसर्गसखा:
हजारो वर्षांचा अनुभव आकड्यात बसत नाही.

तिरकस:
हजारो वर्षं न्यूरोब्लास्टोमावर देत होते होय? बायोप्सी कोण करायचं?

परळची_आई:
त्या डिनुटक्सिमॅबच्या वेदना मॉर्फिन लावूनही पोरं कशी सोसतात, ते कोणीच लिहिलं नाही. असो. नात्यातल्या एका मुलीला पुढच्या आठवड्यात मुंबईला आणतायत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी कोणाला भेटायचं?

लॅबवाली:
आधी हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना गाठा. बाकी व्यनि (खासगी निरोप) करते.