रात्रीच्या प्रवासासाठी जादा दिवे: नेमके कोणते निवडावेत?

रातवाट (प्रश्न):

कामानिमित्त आठवड्यातून दोनदा मला सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास रात्री करावा लागतो. रस्ता दुपदरी आहे, मध्ये दुभाजक नाही, रस्त्यावर दिवे नाहीत आणि वळणे पुष्कळ आहेत. गाडी आठ वर्षांची असून तिला एच४ प्रकारचे हॅलोजन बल्ब आहेत. डिपरवर असताना समोरचे पुरेसे दिसत नाही आणि अप्पर लावला तरी उजेड काही अंतरावर विरून जातो. गेल्या आठवड्यात गडद कपडे घातलेला एक माणूस सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालला होता. तो मला इतका उशिरा दिसला की ब्रेक दाबण्याऐवजी मी स्टिअरिंगच वळवले. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: मूळ दिव्यांतच एलईडी बल्ब बसवणे, बंपरवर दोन स्वतंत्र दिवे लावणे, किंवा टपावर एलईडीची लांब पट्टी लावणे. प्रत्येक खोक्यावर ल्यूमेनचे भलेमोठे आकडे छापलेले आहेत आणि त्यांवरून मला काहीच ठरवता येत नाही. आणखी एक कोडे आहे. मी डिपरवर असतानाही समोरून येणारे चालक मला वारंवार डिपर देतात. मला कमी दिसते आणि त्यांच्या डोळ्यांवर मात्र झोत येतो, हे एकाच वेळी कसे शक्य आहे?

काजवा:

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून खरेदी आठवडाभर पुढे ढकला आणि आधी दिव्यांचा कोन तपासा.

गाडी सपाट जागी, भिंतीसमोर बरोबर १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा योग्य असावी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे आणि दिव्यांची उंची बदलणारी चकती असल्यास ती शून्यावर असावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. हा झाला एक टक्का उतार. बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या आसपास कुठेतरी १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. तुमच्या गाडीवर असेल तो प्रमाण माना. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि उतार एक टक्का असेल, तर ती कड रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. उतार दोन टक्के झाला की तेच अंतर निम्म्यावर येते, म्हणजे बल्ब कितीही महाग आणला तरी तुमचा उजेड साडेबत्तीस मीटरवर संपतो.

या अंतराची तुलना गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराशी करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले तर ३३ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबूनही पुढे आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६८ मीटर. ताशी १०० किलोमीटरला हाच हिशेब ९७ मीटरच्या आसपास जातो. नीट जुळवलेला डिपर ताशी ८० ला जेमतेम पुरतो आणि त्यापुढे पुरत नाही; ही कमतरता डिपरच्या बल्बाची नसून डिपर या रचनेचीच आहे, कारण समोरच्याचे डोळे वाचवण्यासाठी त्याचा झोत मुद्दामच कापलेला असतो. लांबचे पाहण्याचे काम अप्परचे आहे आणि जादा दिवे घ्यायचे असतील तर ते अप्परच्या जोडीला घ्यायचे.

रानवाट:

मी टपावर एलईडीची पट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर समाधानी आहे. जंगलातल्या कच्च्या वाटेवर ताशी २० किलोमीटरने जाताना दोन्ही बाजूंचे खड्डे, दगड, फांद्या असे सगळे स्वच्छ दिसते. खर्चही फार होत नाही. तिच्याविषयी लोक उगाच वाईट बोलतात असे माझे मत आहे.

काजवा:

ताशी २० किलोमीटरला तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. प्रश्नकर्त्यासाठी वर मी ताशी ८० धरले, म्हणजे त्याच्या चौपट, आणि तिथे हीच पट्टी उलटी पडते. टपावरचा उजेड आधी बॉनेटवर पडून चालकाच्याच डोळ्यांत परततो. पाऊस, धूळ किंवा धुके असले तर डोळ्यांसमोरच पांढरा पडदा उभा राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अशा पट्ट्यांचा पुष्कळसा उजेड गाडीच्या पुढच्या वीस-तीस मीटरांत सांडतो. जवळचा रस्ता लख्ख दिसला की मनाला बरे वाटते, पण डोळे त्या लख्ख भागाला सरावतात आणि त्यामागचा अंधार अधिकच गडद होतो. म्हणून समाधान वाढते आणि नजरेचा पल्ला मात्र घटतो. दिव्यांची पारख करताना मी सर्वांत आधी हेच पाहतो की बंपरपुढच्या पहिल्या वीस मीटरांत उजेड किती कमी आहे. (हे ऐकून विक्रेते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात.)

आता ल्यूमेनविषयी. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. एच४ बल्बाची डिपरची तार (बल्बातली तापून उजळणारी बारीक गुंडाळी) सुमारे १,००० आणि अप्परची सुमारे १,६५० ल्यूमेन देते. पण तो उजेड कोणत्या दिशेला किती एकवटला आहे हे कँडेला या एककात कळते आणि लांबच्या वस्तूवर प्रत्यक्ष किती पडला हे लक्समध्ये. अंतर दुप्पट झाले की लक्स चौथाईवर येतात, त्यामुळे पल्ला दुप्पट करायला कँडेला चौपट लागतात. चांगले उत्पादक ‘इतक्या मीटरवर १ लक्स’ असा आकडा देतात, परंतु काहीजण ०.२५ लक्सचे अंतर ठळक छापतात. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. एखाद्या दिव्यावर ‘८०० मीटर’ लिहिले असेल आणि तो आकडा ०.२५ लक्सचा असेल, तर त्या झोताची तीव्रता १,६०,००० कँडेला झाली. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ ही संस्था हेडलाइटचा पल्ला मोजताना ५ लक्सचा निकष धरते. तो लावला तर याच दिव्याचा पल्ला जेमतेम १८० मीटर भरतो. दिवा वाईट आहे असे नाही, १८० मीटर तुम्हाला भरपूर आहेत. फक्त ८०० मीटरवरचा माणूस दिसेल अशा भ्रमात राहू नये.

वाटसरू:

मूळ दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याच्या पर्यायाकडे कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. एच४ बल्ब हातात घेऊन पाहा (काचेला बोट न लावता, कारण बोटांचा तेलकटपणा तापलेल्या काचेला मारक ठरतो). आत दोन बारीक गुंडाळ्या दिसतील आणि पुढच्या गुंडाळीखाली चमच्याच्या टोकासारखी धातूची एक इवलीशी वाटी दिसेल. ही वाटी डिपरच्या तारेचा खाली जाणारा उजेड अडवते आणि त्यामुळेच झोताची वरची कड कापली जाते. दिव्यामागचा परावर्तक त्या तारेची जागा, लांबी आणि जाडी गृहीत धरून घडवलेला असतो. एलईडी बल्बात तारेच्या जागी मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना चपटे तुकडे असतात. तारेसारखा चहूबाजूंना उजेड त्यांच्यातून पडत नाही. एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी झोत विस्कटतो, कडेच्या वर उजेड उडतो आणि नेमका मधला, लांब जाणारा गाभा फिका पडतो. मी स्वतः अशी जोडी बसवून दोन महिन्यांत काढून टाकली. माझ्या डोळ्यांना उजेड जास्त वाटत होता, पण ज्या मैलाच्या दगडांवरचे आकडे आधी वाचता येत होते, ते आता गाडी जवळ गेल्याशिवाय वाचता येईनात.

याला अपवाद आहेत. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना मान्यता मिळाली, परंतु तीदेखील ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरतीच, म्हणजे बल्ब आणि दिवा यांची जोडी तपासून. तशी तपासलेली यादी आणि तिथल्या नियमांची परवानगी नसेल, तर चांगला हॅलोजन बल्बच बरा. आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा एकदमच बदलावा.

रिले-फ्यूज:

बल्ब बदलण्याआधी त्याच्यापर्यंत व्होल्टेज किती पोहोचते ते मोजा. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मीटरचे एक टोक बॅटरीवर आणि मग बल्बाच्या कनेक्टरवर लावून दोन्ही आकड्यांची तुलना करा. हॅलोजनचे गणित फार निष्ठुर असते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत अर्थिंगच्या ठिकाणचा गंज आणि झिजलेला स्विच हेच खरे चोर असतात.

जादा दिवे लावलेच, तर त्यांचा सगळा प्रवाह गाडीच्या मूळ स्विचमधून कधीही नेऊ नये. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टला नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचे (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) ३० क्रमांकाचे टोक, ८७ वरून दिव्यांकडे पुरेशी जाड तार, ८५ अर्थला आणि ८६ ला अप्परच्या तारेतून, डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमार्गे आलेला संकेत, अशी जोडणी करावी. यामुळे अप्पर लावल्याशिवाय जादा दिवे लागतच नाहीत आणि समोर गाडी दिसताच डिपरवर आलात की तेही त्याच क्षणी विझतात. वेगळ्या बटणावर लावलेले दिवे घाईच्या क्षणी हमखास चालू राहतात. काही गाड्यांत अप्परचा स्विच अर्थच्या बाजूने काम करतो, आणि नव्या गाड्यांत तो संगणकाला फक्त इशारा देतो. तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालणार नाही, आधी वायरिंगचा नकाशा पाहावा लागेल.

रातवाट:

काल रात्री भिंतीसमोर गाडी लावली. दिव्यांची उंची ६६ सेंटिमीटर भरली. उजव्या दिव्याची कड रेघेच्या फक्त ३ सेंटिमीटर खाली होती आणि डाव्याची तब्बल २४! म्हणजे डावा दिवा २७ मीटरवरच रस्त्याला टेकत होता आणि उजवा समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत घुसत होता. दोन वर्षांपूर्वी किरकोळ धडकेनंतर उजवा दिवा बदलून घेतला होता, तेव्हा बसवणाऱ्याने तो जुळवला नसावा. मीही तपासले नाही. मागच्या बाजूला असलेल्या स्क्रूने दोन्ही दिवे १० सेंटिमीटरवर आणले. डाव्या कनेक्टरवर बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी भरले, तिथला अर्थ उद्या घासून घेतो.

आज रात्रीच्या फेरीत एकानेही डिपर दिला नाही. डिपरचा उजेड आता पुरेसा आहे, मात्र अप्पर अजूनही तोकडा वाटतो, त्यामुळे बंपरवरचे दोन दिवे घ्यायचे असे ठरवत आहे. झोत अरुंद घ्यावा की पसरट? आणि धुक्यासाठी पिवळे घेतले तर दोन्ही कामे होतील का?

काजवा:

दोन्ही कामे एका दिव्याने होत नाहीत. धुक्याच्या दिव्याचा झोत रुंद, बुटका आणि वरून सपाट कापलेला असतो. तो मंद वेगात रस्त्याच्या कडा दाखवण्यासाठी असतो, पल्ल्यासाठी नव्हे. स्वच्छ हवेत तो लावून ठेवला तर फक्त जवळचा उजेड वाढतो, आणि त्याचा तोटा वर लिहिलाच आहे. पिवळ्या रंगाने धुके भेदले जाते हा समज जुना आहे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच असावेत असा नियम होता. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा उजेड अनेकांच्या डोळ्यांना कमी बोचतो, एवढे मात्र खरे. उलट ६,५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) उजेड बोचतो जास्त, म्हणून ४,००० ते ५,००० केल्विनच्या आसपासचा घ्यावा.

तुमच्या रस्त्याला वळणे पुष्कळ आहेत, त्यामुळे दोन्ही दिवे अगदी अरुंद झोताचे घेऊ नका; सरळ रस्त्यावर ते लांब जातात आणि वळणावर मात्र झाडांवर रोखलेले राहतात. मध्यम रुंदीची जोडी घ्या, किंवा एक अरुंद आणि एक पसरट. खरेदी करताना काचेवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि शेजारचा क्रमांक, म्हणजे युरोपीय नियमांनुसार मान्यतेची खूण, शोधा. अप्पर दिव्यांवर त्यासोबत आणखी एक संदर्भांक असतो. युरोपीय नियमानुसार गाडीवरच्या, एका वेळी लागणाऱ्या सर्व अप्पर दिव्यांच्या या अंकांची बेरीज १०० च्या पुढे जाता कामा नये. १०० म्हणजे ४,३०,००० कँडेला. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकेल, तो बसवण्यापूर्वी पाहून घ्या.

वाटसरू:

एक राहून गेले. नवे दिवे बसवल्यावर पुन्हा एकदा भिंतीसमोर या, पण या वेळी मागची सीट आणि डिकी नेहमीइतकी भरून. मागून गाडी बसली की पुढचे दिवे वर उचलले जातात. ती उंचीची चकती नेमकी त्याचसाठी असते. आणि समोरची काच आतून पुसून घ्या. आतल्या बाजूला साचलेला तेलकट थर दिवसा दिसत नाही, पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये उमटू लागली की समजावे.

रातवाट:

काच आतून पुसली. फडके काळे झाले.